टिटवीचे पाय

नॉरिचच्या संग्रहालयाचं तळघर.
एकोणचाळीस नंबरचा खोका उघडण्याआधी
हॅरिएट गुडरम विचारतात, हात धुतलेत ना?
पेन्सिल चालेल, पेन नाही.
खोकला आला तर मान वळवा.

कागद तळहाताहून जरासा मोठा,
साडेतीनशे वर्षांचा, कोपऱ्यात चहासारखा डाग.
यात मोर नाही, गरुड नाही,
सरदारांच्या बागेतली फुगलेली पिसं नाहीत.
स्वयंपाकघरातली फळी, सुरी, कांद्याची पात
आणि उताणी टिटवी.

आमच्या टिटवीला तुरा नसतो.
हिला आहे, फळीच्या कडेवरून खाली लोंबणारा.

खाली चित्रकाराची सही, उलटी.
तांब्यावर सरळ कोरली बिचाऱ्याने,
छापताना डाव्याचं उजवं होतं हे विसरून.
म्हणजे टिटवीही उलटीच आलीय.
त्या दिवशी ती खिडकीकडे बघत असणार.
बघत कसली.

गुडरमबाई हातवारे करून सांगतात :
पत्र्यावर मेण, मेणावर मेणबत्तीची काजळी,
मग सुईने ओरखडायचं, तेजाबात सोडायचं.
झाकलेलं वाचतं, उघडं पडलेलं तेजाब खातं.
खाताना रेघेरेघेवर बुडबुडे धरतात
आणि रेघ आंधळी होते.
ते बुडबुडे पिसाने हलकेच सारायचे.

कुणाच्या पिसाने?

फळीवर जे असेल त्याच्या, म्हणतात,
आणि पहिल्यांदाच हसतात.

मी भिंग खाली ठेवते. पुन्हा उचलते.
तिचंच पीस
तिच्याच पंखावरून फिरलं असेल,
तेजाबाखाली, सावकाश,
जिवंतपणी चोचीने फिरायचं तसं.

वडील जमिनी मोजायचे. साखळी ओढताना ओरडायचे,
पाय जपून, टिटवीची अंडी खड्यांसारखीच दिसतात.
त्यांनीच सांगितलेलं :
ती रात्री पाय वर करून झोपते,
आभाळ पडलं तर झेलायला.
आम्ही हसायचो. एवढ्याशा काड्या!

चित्रात आभाळ नाही.
वर नुसता कोरा कागद,
चुकून झिरपलेल्या तेजाबाचे पाच-सात ठिपके,
आणि खाली ते दोन पाय,
मोजून नऊ ओरखड्यांचे,
वर धरलेले.

चार वाजतात. गुडरमबाई किल्ल्या वाजवतात.
पातळ कागद मी चित्रावर अंथरते,
आधी डोक्याकडून, मग पोटावरून,
आणि पायांशी आल्यावर
उगाच थोडा सैल सोडते.