हाडाचा नट

स्कारबरोच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
जिथे समुद्र दिसत नाही पण सीगल ऐकू येतात,
माझं काम माणसांना एवढंच सांगायचं :
श्वास घ्या. रोखा. हलू नका. सोडा.
मिरजेला शिकले, इथे एकोणीस वर्षं इंग्रजीत म्हणतेय.
अजूनही घाईत पहिला शब्द मराठीतच निघतो.

त्या मंगळवारी ट्रॉलीवरून आले सेड्रिक ऑर्मरॉड,
वय सत्त्याऐंशी, डावा खुबा,
आणि ट्रॉली चौकटीला घासली तेव्हा
चौकटीला म्हणाले, "माफ करा हं, बाईसाहेब."
मागचा पोर्टर हसून वाकला.
मला कळेना. तो म्हणाला, "अहो, हे मिस्टर टिबल!
माझी आजी यांच्यापायी सोफ्यावरून पडायची."

मिस्टर टिबल :
आखूड बाह्यांचा कोट,
हातात कायम दुसऱ्याचं काहीतरी,
लग्नाचा केक, कुणाचं तान्हं पोर, बँडवाल्याचा ट्यूबा,
आणि जगातल्या प्रत्येक वस्तूची मनापासून माफी.
शिडीची. कारकुनाच्या टेबलाची. फिरत्या दाराची तर दोनदा.
बावीस सिनेमे, एकदाही चिडला नाही.
केक कधी पडायचा नाही.
माणूस पडायचा.

डॉक्टरांनी सगळंच काढायला सांगितलं होतं.
पडद्यावर एकेक हाड उजळत गेलं
आणि ते मान वळवून दाखवू लागले,
आपल्या गावातली घरं पाहुण्याला दाखवावीत तसे :
"हे मनगट. पोस्टमनचा सिनेमा, ब्रॅडफर्ड, तिसरा टेक.
या दोन बरगड्या लीड्सच्या जिन्यातल्या.
माकडहाडाचं विचारू नका, तिथे तीन निर्माते राहतात."
हासळीचं हाड वाकडंच सांधलेलं.
"सोमवारी पुन्हा पडायचं होतं ना."

म्हटलं, आमच्या भाषेत अशा माणसाला
हाडाचा नट म्हणतात.
मग उलगडून सांगायला गेले
तर इंग्रजीत नुसती हाडंच उरली.
ते गंभीरपणे ऐकत होते.
म्हणाले, "पोस्टरवर छान दिसलं असतं."

"आणि हा ताजा?"

पहिल्यांदाच ओशाळले.
"तो धरू नका. स्वयंपाकघर. मांजराची बशी.
पहाटे पाच, ना तालीम, ना टायमिंग, ना कोट.
हौशी माणूस पडतो तसा पडलो.
बशी फुटली हो. माझ्या हातून कधी काही फुटलं नव्हतं.
आणि मग अकरा तास फरशीवर.
इतका लांब पॉज मी जन्मात घेतला नव्हता."

मी हसले. मग हसले याची लाज वाटली.
ते बघत होते
किती वेळाने हसले ते.

"हलू नका," मी म्हणाले, चक्क मराठीत.
ते हललेच नाहीत.
कॅमेऱ्यासमोर उभा जन्म कोसळण्यात गेलेला माणूस,
खडूने आखल्यासारखा पडून राहिला.

रात्री यशोधनने लॅपटॉपवर शोधून काढला
तो केकवाला सिनेमा.
करड्या रंगातलं हेच गाव, ओला धक्का,
टोप्या सांभाळणाऱ्या बायका.
यशोधन उशीत तोंड खुपसून हसत होता.
मी मोजत होते : ही बरगडी. आता मनगट.

पडल्यावर, उठायच्या आधी,
मिस्टर टिबल अर्धा क्षण तसेच आडवे राहतात,
केक दोन्ही हातांनी वर धरलेला,
आणि चेहऱ्यावर काहीतरी येतं
ज्याला लोक भोळेपणा म्हणायचे.
तो चेहरा माझ्या टेबलावर रोज असतो.
श्वास रोखलेला माणूस,
कुणी 'सोडा' म्हणेल म्हणून थांबलेला.

"पुन्हा एकदा लाव ना," यशोधन म्हणाला.
मी मागे नेलं.
ते पुन्हा पडले.
केक शाबूत.