मानस

पर्वरीला दोन दिवस प्रशिक्षण, सामोसा, प्रमाणपत्र,
आणि रंगीत पुठ्ठ्याचं एक चक्र : भावना ओळखा.
तेव्हापासून मंगळवारचा सहावा तास माझ्याकडे.
एरवी मी नववीला गणित शिकवते,
ज्यात निदान शेवटच्या पानावर उत्तरं असतात.

फळ्यावर लिहिलं : मानसिक आरोग्य.
खडू मधेच मोडला, मागच्या बाकावर कुणी खिदळलं.
चिठ्ठ्या वाटल्या. म्हटलं, नाव घालू नका,
आत्ता मनात काय आहे तेवढं लिहा.
एकतीस परत आल्या.
बारा जणांना भूक लागली होती.
एकानं माझंच चित्र काढलं होतं, चष्म्यासकट, बरं होतं.
एक चिठ्ठी कोरी,
पण आठ वेळा दुमडलेली.

तेवढ्यात दिगंत कुट्टीकार,
ज्याचा हात दोन वर्षांत कधी वर गेला नाही, म्हणाला,
"टीचर, मानस म्हळ्यार आमच्या बांदार आसा तो?"

वर्ग फुटला हसून. मी साखळीची,
चोडणच्या खाजनातलं मला काय कळतं.
म्हटलं, सांग.

त्यानं दोन तळव्यांची दारं केली.
भरतीला नदीच दार ढकलून लावते.
ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून उघडतं.
कुणी काही करायचं नसतं.
फक्त कधी एखादा ओंडका येऊन अडकतो,
प्लास्टिक, एकदा तर मेलेलं कुत्रं,
आणि दार चार बोटं उघडं राहतं.
चार बोटं पुरतात, टीचर.
रात्रभर खारं पाणी आत,
मग पुढची तीन वर्षं शेत नुसतं पांढरं.
म्हणून त्याचा बाप बॅटरी घेऊन जातो, पावसातसुद्धा.

"उडी मारता?" एल्रॉयनं विचारलं.
"मारता. पूण पयलीं कमरेक दोरी बांदता."
"आनी दोरी कोण धरता?"
"हांव."

आता कुणी हसत नव्हतं.
पान चौदावर माझ्याकडे आकृती होती,
मधे एक वर्तुळ, भोवती पाच बाण : आधार देणारी माणसं.
ती मी उघडली नाही.
तात्पर्य काढायची खोड जुनी आहे माझी,
घंटा वाजली म्हणून वाचले.

जिन्यापाशी दीक्षिता हळर्णकर, हातात गणिताची वही.
चौथी पायरी समजली नाही म्हणाली.
याच धड्यावर तिला पंचवीसपैकी पंचवीस होते.
मी पर्स खाली ठेवली, पायरीवर बसले,
वहीचं एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.
चौथी पायरी सांगितली. मग परत सांगितली.
साडेचारची फेरी गेली. पाचचीही गेली.

तिनं काय सांगितलं ते इथे येणार नाही.
मी मात्र तिला एक आधीच सांगितलं,
की मला पोहता येत नाही,
जड झालं तर दोरीला आणखी एक हात बोलावीन,
तुला विचारून, तुझ्या देखत.
ती बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, "आईला नको. आधी मावशीला."

रायबंदरला उतरले तेव्हा पाणी
इकडे चाललंय की तिकडे, मला कळेना.

बुधवारी हजेरी. अठ्ठावीस.
एकोणतीस.
तिसाव्या नावाशी जीभ जरा अडखळली.
खिडकीकडे बघत, कंटाळून, सगळे म्हणतात तसंच
ती म्हणाली, "प्रेझेंट."