दुसऱ्या कुणाकडे उघडी आहे

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात
जिन्याखाली सर्व्हरची खोली.
खोली कसली, पूर्वी इथं सुताचे कोन ठेवायचे.
अजून तूस उडतं आणि पंख्यात जाऊन बसतं.
दर शनिवारी झाकण काढून मी ब्रश फिरवतो.
मालक म्हणतात, आपल्याकडं मशिनलाही दाढी येते.

वर डिझाइन खात्यात चार मॅक,
खाली हा एक, कुठल्याच कंपनीचा नसलेला,
सुट्या भागांतून जुळवून
मी त्याला मॅकची बोली शिकवली.
वरच्यांना वाटतं, फाइल आपल्याच टेबलावर आहे.
तसं वाटत राहावं
याचाच मला पगार.

मॅकची एक खोड असते.
एक फाइल ठेवली की तिच्याशेजारी दुसरी ठेवतो,
नावाआधी टिंब आणि खालची रेघ,
चार केबीची.
वर कुणालाच दिसत नाही.
बिलिंगच्या विंडोजवर मात्र सगळ्या ढळढळीत.
नव्या महांतेश हत्तुरेनं एका दुपारी
अकरा हजार उडवल्या.
"कचरा हुता सर, साफ केलो."

दुसऱ्या दिवशी जुने फॉन्ट उघडेनात.
तेलुगू गेलं, कन्नड गेलं, गिऱ्हाइकांच्या नावांची वळणदार अक्षरं गेली.
नावं जागच्या जागी,
आत शून्य बाइट.
जे होतं ते सगळं त्या टिंबवाल्यांत होतं.
दोन रात्री जुन्या डिस्कवरून एकेक परत आणलं.
महांतेश चहा आणत राहिला, बोलला नाही.

मल्लेशम म्याकल तेव्हा होते.
आडनावच म्याकल, म्हणून मॅक मिळाला, असं सगळे चिडवायचे.
आधी तीस वर्षं जकार्डची कार्डं ठोकली,
भोक म्हणजे धागा वर, भोक नाही म्हणजे खाली.
बावन्नाव्या वर्षी माउस धरला.
म्हणाले, हेच की बे, फक्त हात दुखत नाही.
पडद्यावरचे चौकोन मोजायचे तेलुगूत,
ओकटी, रेंडू, मूडू,
आणि चुकलं की शिवी मराठीत.

वैशाखात एका दुपारी जेवायला घरी गेले.
पारा चव्वेचाळीसवर होता.
परत आले नाहीत.

सर्व्हरला हे कुणी सांगितलं नाही.
माझ्या यादीत रोज तीच ओळ:
म्याकल, जोडलेले, नऊ दिवस.
म्याकल, जोडलेले, सव्वीस दिवस.
एका टिचकीत काढता आली असती.
उद्या काढू म्हणायचो.

एकेचाळिसाव्या दिवशी हत्तीच्या काठाची जुनी ऑर्डर पुन्हा आली.
वरून फोन:
फाइल दुसऱ्या कुणाकडे उघडी आहे म्हणतंय,
नुसती बघता येते, हात लावता येत नाही.
कुणाकडे उघडी आहे ते मी सांगितलं नाही.
वर गेलो.

खुर्चीवर त्यांचा टॉवेल तसाच, आमच्याच कारखान्याचा, दुय्यम मालातला.
माउस हलवला.
पडदा उजळला, पासवर्ड कधी ठेवलाच नव्हता त्यांनी.
हत्तीचा मागचा पाय अर्धा,
अकराशे सत्त्याऐंशीव्या ओळीवर बाण थांबलेला,
वर मथळ्यात छोटी खूण:
बदल जतन केलेले नाहीत.

कनेक्शन तोडलं असतं तर तो अर्धा पाय गेला असता.
पुरा करायला मला येत नाही.
मी जतन केलं.

खाली येऊन पाहिलं.
मालक: म्याकल.
शेवटचा बदल: म्याकल, आज, दुपारी चार दहा.
सर्व्हर खोटं बोलत नाही,
त्याला जेवढं कळतं तेवढंच लिहितो.
आणि फाइलीशेजारी, त्याच वेळेची,
टिंबवाली एक. चार केबी.

महांतेश मागून वाकून बघत होता.
"ही ऱ्हाऊ द्यायची ना सर?"
मी ब्रश शोधत होतो. शनिवार होता.