गालगुंड

विस्कॉन्सिनच्या आमच्या चर्चमध्ये
स्तोत्रांचे आकडे लाकडी फळीत सरकवायचं काम माझं.
त्या रविवारी शेवटचा आकडा लावला,
तो आमच्या पाणबुडीचा निघाला.
इथेच, गोड्या पाण्याच्या काठी बांधलेली ती;
पोटाचे सांधे ओटिलीमावशीने जोडलेले.

बुधवारी तारा आल्या.

मग सगळं गाव हिशेबाला बसलं.
कुणाचं घड्याळ पहाटेच थांबलं होतं,
कुणाच्या विहिरीचं पाणी
तीन दिवस खारट लागत होतं म्हणे.
आणि होल्झबाखांचा ऑर्व्हिल,
निघायच्या आदल्या रात्री गालगुंडांनी सुजला,
दवाखान्यात राहिला, वाचला.
"देवाने बोट ठेवलं हो त्याच्या गालावर,"
त्याची आई चर्चच्या पायरीवर
येईल त्याला सांगायची.
आम्ही माना डोलवायचो.

दोन बाकं मागे हुल्डा ग्रेवे बसायची.
ऐनवेळी ऑर्व्हिलच्या जागी गेला तो तिचा एमिल.
त्याला लहानपणीच येऊन गेली होती गालगुंडं.
तिनेच रात्र रात्र मिठाच्या पुरचुंडीने
शेकले होते त्याचे गाल,
बरं केलं होतं.

पायरीवरून ती सावकाश उतरायची,
कठड्याला धरून.
एकदा सगळे गेल्यावर मला म्हणाली,
"काय गं, ते आकडे कोण ठरवतं?"
"पाद्रीबाबा चिठ्ठी देतात."
"आणि चिठ्ठी हरवली तर?"

पुढच्या रविवारी चिठ्ठी खिशातच ठेवली.
हाताला लागले ते आकडे लावले.
ऑर्गन जरासा अडखळला,
मग सगळ्यांनी उभं राहून
तेच म्हटलं.