काटा

मधुबनात रात्री दोन वाजता
डोंगर दिसत नाही.
धर्मशाळेच्या मागे, पिवळ्या बल्बाखाली
यात्रेकरूंचं वजन होतं.

पन्नासच्या आत एक दर,
वर गेलं की दुसरा,
सत्तरच्या पुढे आणखी दोन खांदे.
मुनीम आकडा पुकारतो
आणि आम्ही डोलीवाले
मनातल्या मनात चढ मोजतो.

गुणमाला सिंघई, दमोहच्या. एक्केचाळीस.
भद्रो माझ्याकडे बघून हसला,
आज फूल मिळालं.
गेल्या फाल्गुनात याच बाईंचे यजमान
अठ्ठ्याहत्तर भरले होते.
माझा गुडघा ते साल अजून विसरलेला नाही.
खाली उतरले तेव्हा खूश होते,
चौघांच्या हातांवर गूळ ठेवला.
पावसाळ्यात गेले, बाई म्हणाल्या,
जणू शेजारच्या गावी.

गंधर्व नाल्यापर्यंत त्यांचा जप चालला.
सीतानाल्याला आम्ही पाणी प्यालो,
त्यांनी ओठ ओले केले नाहीत.
मग अंधारातूनच विचारलं,
"भैया, खांद्याला काय वाटतं?"
असं कुणी विचारत नाही.
भद्रो म्हणाला, बांबू वाटतो.

"आमच्यात," त्या म्हणाल्या, "कर्म म्हणजे धूळच.
खरीखुरी. तेलकट अंगाला बसावी तशी जिवाला बसते.
भोपळ्यावर मातीचे लेप चढवले तर तो तळाशी जातो.
माती विरघळली की आपला आपण वर.
वीस तीर्थंकर या डोंगरावरून असे गेले."
"डोलीशिवाय?" भद्रोनं विचारलं.
"डोलीशिवाय," त्या म्हणाल्या,
आणि हसल्या बहुतेक, डोली जरा हलली.

उजाडताना पहिल्या टोंकी लागल्या.
छोट्या छोट्या देवळ्या, आत मूर्ती नाही.
दगडात पावलं.
गेलेल्यांची एवढीच खूण.
बाई उतरायच्या, तांदूळ वाहायच्या, पुन्हा बसायच्या.
वीस वर्षं बघतो मी ती पावलं.
बोटं सरळ, टाच गुळगुळीत,
एकीलाही भेग नाही.

"तुमचं कोण असतं इथं?"
मी सालवनाकडे हात केला.
मरांग बुरू. हाच डोंगर.
तिकडे झाडं आहेत, चार दगड आहेत,
पावलं नाहीत.
त्यांनी नमस्कार केला की पदर सावरला
ते नीट कळलं नाही.

मग म्हणाल्या, आधी चंद्रप्रभूंच्या टोंकीवर न्या.
यांची तेवढीच राहिली.

ती लांब, एका बाजूला, सगळ्यांपासून तुटून.
गेल्या साली त्या फाट्याशी
डोली टेकवून मी म्हटलं होतं,
पुढची वाट बंद आहे, बाबूजी, दरड आलीय.
दरड आली नव्हती.
गुडघा आला होता.
ते म्हणाले, बरं, पुढच्या वर्षी.

आज तीच वाट. साफ. बोरीचे काटे तेवढे.
बाई डोलीतून उतरून चालायला लागल्या,
अनवाणी, काठी टेकत,
आणि आम्ही रिकामी डोली घेऊन मागे.
रिकामी डोली खांद्यावर नीट बसत नाही,
झोके खाते.
त्यांनी दोनदा तांदूळ वाहिले.
एक मूठ, मग थांबून दुसरी.

मी म्हणालो, माताजी, तेव्हा दरड नव्हती.

तळव्यातला काटा काढत होत्या.
मान वर केली नाही.
"त्यांना ठाऊक होतं," म्हणाल्या.
"म्हणत होते, वजन तर माझंच होतं."

पार्श्वनाथ करून खाली आलो तेव्हा ऊन उतरलं होतं.
त्या थेट काट्यावर जाऊन उभ्या राहिल्या.
मुनीम म्हणाला, आता कशाला, पैसे झाले की.
एक्केचाळीस.
हलकं काही झालं नाही, म्हणाल्या,
पण तसं निराश होऊन नाही.
उतरल्या, चप्पल शोधायला गेल्या.

काट्यावर कुणी नव्हतं
आणि सुई दीडवर उभी होती.
मुनीमनं बुक्की मारली.
मी फुंकर घातली, फडक्यानं पाट पुसला,
थोडी धूळ निघाली.
सुई दीडवरच.

राहू दे, मुनीम म्हणाला.
उद्या दोन वाजता जो पहिला उभा राहील
त्याच्या नावावर लागेल.