सेकंदाला पंचवीस मिलिमीटर

सावद्याच्या या दवाखान्यात रात्री कागद चालतो
सेकंदाला पंचवीस मिलिमीटर.
लाईट गेली तरी चालतो, बॅटरीवर.
माझं काम एवढंच: सहा फुगे छातीवर,
चार चिमटे हातापायांना.
"थंड लागेल हं," मी म्हणते,
तोवर जेल लावून झालेली असते.

आज जुम्मा तडवी. वय चोवीस.
दिवसभर केळीचे घड ट्रकमध्ये चढवले,
दिवे लागायच्या सुमाराला डावीकडं काहीतरी रुतलं.
शर्टावर चिकाचे काळे डाग,
सात धुण्यांत न गेलेले.
"ताई, मले अटॅक तं नाही ना?"
हे सांगायचा अधिकार मला नाही.
मी म्हणते, हलू नको, रेघ हलते.

डॉक्टर बरगडी आणि मधलं हाड जुळतं
तिथं बोट ठेवतात. दाबतात.
जुम्मा किंचाळतो.
"इथंच?"
"इथंच, इथंच!"
आणि दुखतंय म्हणून पहिल्यांदाच
त्याच्या तोंडावर थोडं रक्त येतं.
तरी डॉक्टर पट्टी शेवटपर्यंत वाचतात.
बोटानं ओळखलं, म्हणून कागदाला सुट्टी नसते.
कूर्चेला सूज. आठ दिवस वजन उचलू नको.
"आठ दिवस," जुम्मा म्हणाला,
जसं कुणी त्याला विमानाचं तिकीट दिलं होतं.

हिवाळ्यात शेतातल्या भरीत पार्ट्यांहून येतात,
कळण्याची भाकरी, भरीत, वर ठेचा, आणि लगेच आडवे.
जळजळ घशापर्यंत आली की
फोनवर आधी मृत्युपत्र सांगतात.
सकाळी भेटले तर ओळख दाखवत नाहीत.

दीक्षाली सपकाळेला तिच्या काकांनी आणलं.
उद्या निकाल होता.
बोटं आकडीसारखी वळलेली, ओठांभोवती मुंग्या,
श्वास असा की हवा कुणीतरी परत मागतंय.
पट्टी स्वच्छ निघाली. डॉक्टरांनी रक्त तपासलं, बसून बोलले,
पुन्हा यायला सांगितलं.
"म्हणजे नाटकच ना?" काका बाहेर मला म्हणाले.
दुखत होतं हो तिला.
माझं यंत्र दहा ठिकाणी चिकटतं,
अकरावी जागा त्याला माहीत नाही.

आणि भावेश फेगडे. सहा फुटांवर दोन बोटं.
"झोप," म्हटलं तर झोपेना.
गुडघ्यांवर हात टेकून पुढं वाकला की बरं वाटतं म्हणाला.
कसाबसा आडवा केला.
जवळजवळ प्रत्येक लीडमध्ये रेघ उचललेली,
बाळाच्या झोळीसारखी खोलगट.
मी काही बोलले नाही. डॉक्टरांना मात्र पळत जाऊन उठवलं.
गाडीनं जळगावला.
मागल्या आठवड्यातला साधा ताप
जाता जाता हृदयाच्या आवरणावर सूज ठेवून गेला होता.
महिन्यानं आला, बिस्किटाचा पुडा घेऊन.
अजून पुढं वाकूनच बसतो. सवय, म्हणाला.

हेमराज इथपर्यंत आला नाही.
माझा भाऊ. एकोणतीस.
मी तेव्हा भुसावळला हेच शिकत होते,
वहीत बारा लीडची आकृती काढत होते, लाल पेननं.
घरी त्याला ओवा दिला, काळं मीठ दिलं, सोडा दिला.
घामानं गंजी पिळून निघाली,
डावा जबडा दुखतोय म्हणाला,
तर आत्या म्हणाली, दाढ असेल.
"वयच काय त्याचं," सगळे म्हणाले.
आधी धीर द्यायला म्हणाले.
नंतरही तेच वाक्य म्हणाले.

म्हणून मी कुणाला वय विचारते
ते फक्त फॉर्मवर लिहायला.

हा कागद उष्णतेनं लिहितो.
मे महिन्यात, सेहेचाळीसला,
कपाटातल्या जुन्या पट्ट्या आपोआप काळ्या पडतात,
कुणाची धडधड कुठली ते कळेनासं होतं.
मी त्या टाकत नाही.
त्यात त्याची एकही नाही, हे मला माहीत आहे.

बाहेर जुम्मा रिक्षाची वाट पाहतोय,
बोटानं परत परत तीच जागा दाबून बघतोय.
दुखतंय का अजून?
दुखतंय, ताई. दुखतंय.