राखेचं मैदान

दुसखेड्याचा होम सिग्नल लाल आहे.
सावद्याला केळी भरायला चाललेले बेचाळीस रिकामे डबे,
त्यांच्यामागे माझा, आणि तो नेमका तापीच्या पुलावर थांबलाय.
खाली पाणी दिसत नाही, नुसता त्याचा वास.
हल्ली आम्हाला गार्ड म्हणत नाहीत, ट्रेन मॅनेजर म्हणतात.
मॅनेजर टॉर्च विझवतो
आणि नियमात बसत नसताना मोबाईलवर वाचतो
मोन्तेविदेओच्या एका क्लबाची हकिकत.

अठराशे एक्क्याण्णव. रेल्वेची माणसं,
बहुतेक इंग्रज, थोडी तिथलीच.
रंग पिवळा आणि काळा, रेल्वेचेच.
पुढे कंपनीला हे लचांड नको झालं,
साहेबांनी हात झटकले,
तेव्हा क्लबानं कंपनीचं नाव टाकलं
आणि जिथे कारखाना होता त्या गावाचं घेतलं:
पेन्यारोल.
मी ते दोनदा मोठ्यानं म्हणून पाहतो.
ब्रेकव्हॅनमध्ये कोण ऐकतंय.

पिवळा आणि काळा.
इथे मला उठून उभं राहावं लागतं.

भुसावळच्या लोको शेडच्या टीमचे बनियन
माझ्या आईनं हळदीत बुडवले होते,
अकरा, आणि एक जादा सुभान तडवीसाठी,
तो दर मॅचला फाडायचा.
काळा रंग आणावा लागला नाही.
मैदानच राखेचं होतं,
इंजिनांनी वर्षानुवर्षं झाडलेली राख,
पडलं तरी लागायचं नाही,
पण उठलेला माणूस कोण ते कळायचं नाही.
हाफ टाइमनंतर रेफरी डिसूझा
खेळाडू शिव्यांवरून ओळखायचा.

गोलात माझा बाप, सुकलाल बऱ्हाटे, बॉयलर फिटर,
डाव्या हाताची दोन बोटं शेडनं ठेवून घेतलेली.
"आठ बोटांत मावते तेवढी धरतो भो," म्हणायचा.
खंडव्याचे सात गोल खाल्ले, मनमाडचे चार.
इगतपुरीला एकदा जिंकलो, एक-शून्य,
धुक्यात त्यांना आमचा गोलच सापडला नाही.
परतीच्या पॅसेंजरमध्ये तो एक गोल
पाचोऱ्यापर्यंत तिघांनी मारला होता.

मग वाफ गेली.
राख पडेनाशी झाली.
दोन पावसाळ्यांत खालची काळी माती वर आली,
उन्हाळ्यात तिला भेगा, भेगांत पाय.
कुणीतरी फाइलवर लिहिलं, संघ कार्यरत नाही.
आमच्या लोकांनी गावाचं नाव घेतलं नाही.
घेता आलं असतं.
कंपनीनं सोडलेला क्लब गावाचा होऊ शकतो
हे सांगायला कुणी नव्हतं,
आणि सकाळी सहाला सगळ्यांची ड्यूटी होती.

बापाला फोन लावतो. रात्रीचे दोन, तो जागाच असतो.
"अप्पा, समुद्रापार एक टीम आहे, शेडवाल्यांचीच,
पिवळी-काळी. अजून खेळते."
बराच वेळ नुसता श्वास.
"त्यायचा गोलकीपर कसा हाये?"
माहीत नाही, मी म्हणतो.
"मंग काय वाचलं तू?"

पुढे शिटी होते.
एकेक कपलिंग ताणत हिसका मागे येतो,
माझ्यापर्यंत पोचायला त्याला
बेचाळीस डबे लागतात.